समुद्राच्या बाजूने काढलेले छत्तीस फोटो

आधीच सांगून टाकते, माझा भुताखेतांवर काडीचाही विश्वास नाही. तेव्हा नव्हता, आजही नाही. मी अंबत्तूरच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका कारखान्यात गाड्यांच्या ब्रेकचं टेस्टिंग करते. ब्रेक नीट लागतो असं कुणी कितीही छातीठोकपणे सांगितलं तरी आम्ही तो शेकडो वेळा दाबून बघतो आणि मगच कागदावर सही करतो. कॉलेजात असताना होस्टेलच्या मुली प्लँचेटला बसायच्या, तेव्हा वाटी कोण ढकलतंय हे शोधून काढणारी मीच होते. (सुनीता ढकलायची.)

या साइटवरचे अनुभव मी नेमाने वाचते, पण माझी एक तक्रार आहे. इथे सगळं रात्रीच घडतं... अमावस्या, चिंचेचं झाड, पांढरी साडी. माझ्या अनुभवात यातलं काहीही नाही. भर दिवस आहे, धो धो पाऊस आहे, माझे बाबा आहेत आणि एक तळलेला मासा आहे. घाबरायला मिळेल या आशेने कुणी वाचत असेल तर त्याने इथेच थांबावं. मला स्वतःला तो प्रसंग आठवला की अजून हसू फुटतं.

तर गोष्ट २००६ च्या जूनमधली. त्याच्या आदल्या वर्षी आई गेली. बाबा सिन्नरला एकटेच राहिले. फेब्रुवारीत मी त्यांना "थोडे दिवस बदल म्हणून" चेन्नईला घेऊन आले. अंबत्तूरला माझं दोन खोल्यांचं घर, खाली सायकलवाला, समोर पिल्लैयारचं, म्हणजे गणपतीचं, छोटं देऊळ. मी सकाळी साडेसातला बाहेर पडायची ती संध्याकाळी सातला परत. बाबा दिवसभर बाल्कनीत खुर्ची टाकून बसायचे. भाषा येत नाही, सांबार आवडत नाही, घाम थांबत नाही. पण तक्रार एका शब्दाची नाही! संध्याकाळी विचारलं, "बाबा, आज काय केलंत?" की उत्तर ठरलेलं, "काही नाही. बसलो होतो."

बाबा तसे आयुष्यभर कमीच बोलले. भूमी अभिलेख खात्यात होते, जमिनीची मोजणी करायचे. बांधाबांधावरून भांडणाऱ्या माणसांच्या मधे उभं राहून तीस-बत्तीस वर्षं काढली, त्यामुळे आपण एक शब्द कमी बोलावा हे अंगातच भिनलेलं. पण आई गेल्यावर ते जे गप्प झाले, ते निराळं होतं.

मे महिन्यात नाशिकहून दादाचा फोन आला. "वैजू, तिकडे एकटे बसून बाबा आजारी पडतील. मी येतो आणि घेऊन जातो. इथे निदान नातवंडं आहेत." त्याचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी बाबांना विचारलं, तर म्हणाले, "तुम्ही दोघं ठरवाल तसं." दादाने जूनच्या शेवटच्या रविवारी इथे पोचेल असं स्वतःचं आणि परतीचं दोघांचं तिकीट काढून टाकलं.

खरं सांगायचं तर मला बाबा हवे होते. घरी आल्यावर दाराशी त्यांच्या चपला दिसल्या की बरं वाटायचं. पण ते माझ्या स्वार्थासाठी इथे कुजत बसले आहेत असंही वाटायचं. त्यामुळे "राहा ना बाबा" हे तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

आता फोटोग्राफीबद्दल थोडं सांगायला हवं, नाहीतर पुढचं कळणार नाही.

एग्मोर स्टेशनच्या मागच्या एका गल्लीत सेतुमामांचा स्टुडिओ होता. सेतुमामा म्हणजे तंजावरचे मराठी. तीनेकशे वर्षांपूर्वी पूर्वज इकडे आले आणि इथलेच होऊन राहिले. पहिल्यांदा त्यांचं मराठी ऐकलं तेव्हा मला वाटलं, हे माझी थट्टा करतायत. एखाद्या जुन्या पत्रातली भाषा, तीही तमिळ हेल काढून! पण माणूस लाख. एव्हाना सगळे डिजिटलकडे वळले होते, त्यांच्याकडे गिऱ्हाईक उरलं नव्हतं. मी मात्र वेड्यासारखी ब्लॅक अँड व्हाइट फिल्मवर समुद्र काढायची. एन्नोरच्या किनाऱ्यावर टाकलेल्या दगडांवर बसून, मागे थर्मल वीजकेंद्राच्या चिमण्यांचा धूर, अशी मी सुरुवात केली. सगळे रोल सेतुमामाच धुवायचे, दुकानामागच्या न्हाणीघरात, स्वतःच्या हातांनी.

त्यांचे दोन नियम होते. पहिला, एका प्रवासाला एकच रोल न्यायचा. छत्तीस फोटो, बास. "छत्तीसांत समुद्र धरवत नाहीं, त्यास छत्तीसशेंतही धरवणार नाहीं." दुसरा नियम असा की कॅमेऱ्यात जाऊन आलेला रोल धुवायचाच. फोटो बिघडले असोत, चुकून उजेड लागलेला असो... ते कधीही रोल न धुता टाकत नसत. त्यांच्या वडिलांची पद्धत होती म्हणे.

तिसरा नियम माझा स्वतःचा, नोकरीतून आलेला. प्रत्येक फोटोची वहीत नोंद. नंबर, जागा, ॲपर्चर, शटर, आणि एखादा शेरा. आणि रोलच्या डबीवर माझ्या नेलपॉलिशचा लाल ठिपका, म्हणजे अदलाबदल नको.

जूनमध्ये तिकडे कन्याकुमारीच्या बाजूला नैर्ऋत्येचा पाऊस फुटतो. चेन्नईत आपण घामाने निथळत असतो आणि तिकडे समुद्र नुसता उसळत असतो. मला दोन वर्षांपासून मुट्टमला जायचं होतं. खडकाळ किनारा, लाल मातीचे कडे, वर दीपगृह. तीन दिवसांची रजा मिळाली. बाबांना एकटं कसं ठेवायचं, या विचारात होते, तर ते आपणहून म्हणाले, "मी येतो की."

दादा यायला तेव्हा आठच दिवस उरले होते.

एग्मोरहून संध्याकाळची गाडी धरली, सकाळी नागरकोविल. तिथून बस. मुट्टमला उतरलो तेव्हा पाऊस असा आडवा येत होता की छत्री पुढे धरावी तर मागून भिजायचं. मी जाम खुश! कॅमेरा पॉलिथीनच्या पिशवीत, पिशवीला रबरबँड, लेन्सपुरतं भोक, गळ्यात टॉवेल. अंगात माझा जुना खाकी रेनकोट. त्याच्या पट्ट्याचा डावीकडचा लूप तुटला होता, त्यामुळे पट्टा मागे वीतभर नाही, चांगला हातभर लोंबायचा. शिवून घेईन म्हणत दोन पावसाळे गेले होते.

तीन दिवस आम्ही तो किनारा पायाखाली घातला. मुट्टमचे खडक, पुढे कोळाचलच्या वाटेवरचे दोन-तीन सुळके, मधल्या कोळ्यांच्या वस्त्या. मी पुढे, बाबा मागे काळी छत्री घेऊन. खडकाच्या अगदी टोकाला जाऊन ट्रायपॉड लावायचा, टॉवेल डोक्यावरून घ्यायचा, लेन्स पुसायची, लाटेची वाट बघायची, दाबायचं. परत लेन्स पुसायची. समुद्राचा आवाज इतका की मागे कुणी बँड वाजवला असता तरी मला कळलं नसतं.

अधूनमधून पट्ट्याला मागून ओढ बसायची. मी म्हणायचे, वारा.

बाबा बोलले म्हणाल तर तीन दिवसांत मोजून दहा वाक्यं. त्यात पाच वेळा "झालं का?" एकदा मी चिडून म्हटलं, "बाबा, कंटाळा आला असेल तर लॉजवर जाऊन बसा ना!" तर म्हणाले, "नाही, ठीक आहे." मी मनात म्हटलं, झालं... मी यांना इथेही फरफटत आणलंय.

तिसऱ्या दिवशी दुपारी एका सुळक्यावर वाऱ्याने बाबांची छत्री उलटी झाली आणि तिची एक काडी मोडली. मी वहीत लिहिलं, "३६. छत्री मोडली. बाबा वैतागले." रोल संपला असं समजून सवयीने फिल्म पुढे सरकवायचा लीव्हर ओढला. तो अडायला हवा होता, पण ओढला गेला.

छत्तीसनंतर कधी कधी एखादा फोटो जास्तीचा निघतो, म्हणून मी सदतिसावा काढला. लीव्हर पुन्हा सहज फिरला. अडतीस. एकोणचाळीस. फिल्म कॅमेरा वापरलेल्यांना कळलं असेल काय झालं ते. रोल घालताना फिल्मची जीभ पलीकडच्या दांड्याच्या खाचेत नीट अडकली नाही, तर लीव्हर फिरतो, आकडे पुढे सरकतात, शटर वाजतं... आणि फिल्म मात्र जागची हलत नाही. हे कळायला एक सोपी खूण असते. दर फोटोनंतर वरची डाव्या बाजूची कळ आपोआप फिरायला हवी. ती कळ माझ्या पिशवीच्या आत, रबरबँडखाली दडलेली होती.

मोडक्या छत्रीखाली बसून मी कॅमेऱ्याची पाठ उघडली. फिल्मची जीभ सुटी, कोरी, जशी घातली होती तशीच. बाबाही वाकून बघत होते. मी जीभ आत ढकलली, रोल डबीत टाकला आणि तिथेच खडकावर बसून लहान मुलीसारखी रडले.

"म्हणजे एकही नाही आला?" बाबांनी विचारलं.

"एकही नाही."

त्यांनी समुद्राकडे बघितलं. मग म्हणाले, "पण आपण बघितलं ना."

मला इतका राग आला! अहो, मी रडतेय आणि हे असलं काहीतरी! परतीच्या गाडीत मी त्यांच्याशी धड बोलले नाही. ते खिडकीशी बसून मोडकी छत्री दुरुस्त करत होते. चेन्नईला पोचल्यावर मी दादाला फोन करून सांगितलं, ये तू ठरल्याप्रमाणे.

शनिवारी सकाळी मी एग्मोरला गेले. दादा दुसऱ्या दिवशी पोचणार होता. खरं तर सेतुमामांकडे काही काम नव्हतं. आपला मूर्खपणा कुणाला तरी सांगून मोकळं व्हावं, एवढाच हेतू.

"काय गे वैजू, जालें कां फिरून?"

मी सगळं सांगितलं. ते पोट धरून हसले. मग त्यांनी त्यांचं सांगितलं. त्यांनी एक अख्खं लग्न असंच कोऱ्या कॅमेऱ्याने काढलं होतं, आणि मग मुलीच्या बापाला काय सांगावं म्हणून आठ दिवस दुकान बंद ठेवून कुंभकोणमला मावशीकडे लपून बसले होते. मला जरा बरं वाटलं. मग त्यांनी हात पुढे केला. "दे, रोल दे."

"मामा, रिकामा आहे हो. मी स्वतः उघडून बघितलाय."

"रिकामा असो कीं भरला असो. कॅमेऱ्यांत जाऊन आला म्हणजे धुवायचा. तूं कॉफी घे, सेरि?"

लाल ठिपक्याची डबी घेऊन ते आत गेले. मी बाहेर स्टुलावर बसून फिल्टर कॉफी प्यायले, पेपर वाचला, पंखा पुसून दिला. अर्ध्या तासाने न्हाणीघराचं दार उघडलं. मामा ओली फिल्म दोन्ही हातांनी ताणून धरून उंबऱ्यातच उभे होते.

"तूं रिकामा म्हणालीस नव्हे?"

मी उठून जवळ गेले. फिल्मच्या सुरुवातीला बोटभर भाग काळाकुट्ट. ते बरोबरच होतं. माझे एकोणचाळीस फोटो तिथेच एकावर एक पडले होते आणि वर मी पाठ उघडल्याचा उजेड. पण त्याच्यापुढे काचेसारखी कोरी फिल्म दिसायला हवी होती, तिथे फोटो होते. एकापुढे एक, सारख्या अंतरावर. मी बोट लावून मोजले. छत्तीस.

"पारु..." मामा स्वतःशीच म्हणाले. तमिळमध्ये म्हणजे "बघ".

फिल्म वाळेपर्यंतचा तो वेळ कसा गेला ते आम्हां दोघांनाच माहीत. मग त्यांनी एका मोठ्या कागदावर सगळ्या रोलचे छोटे छोटे ठसे एकदम काढले आणि भिंग माझ्या हातात दिलं.

पहिल्याच फोटोत मी होते. टॉवेल डोक्यावर, ट्रायपॉडवर वाकलेली, मागे मुट्टमचे लाल कडे आणि दीपगृह. फोटो समुद्राच्या बाजूने काढलेला होता. मी ज्या बाजूला कॅमेरा रोखून उभी होते, तिथून कुणीतरी माझ्याकडे रोखला होता.

आणि छत्तीसच्या छत्तीस तसेच! मी वही काढली. एकेक नोंद ताडून बघितली. जागा त्याच, क्रम तोच. नऊ नंबरला मी एक सेकंदाचं शटर ठेवलं होतं, लाटांचं दूध व्हावं म्हणून. इथेही नऊ नंबरच्या फोटोत माझ्या पायाशी आलेली लाट दुधासारखी सांडली होती आणि मी जराशी हललेली होते. तेविसावा माझ्याकडून चुकून दाबला गेला होता, कॅमेरा गळ्यात खाली तोंड करून लटकत असताना. वहीत शेरा, "वाया. खडकाचा फोटो." इथे तेविसावा फोटो खडकातून वर बघितल्यासारखा. माझ्या हनुवटीची खालची बाजू, नाकपुड्या, वर छत्रीचं पोट, आणि छत्रीच्या कडेने डोकावणारे बाबा. इतका वाईट फोटो माझा आजवर कुणी काढलेला नाही.

पण मी जे बघत राहिले ते दुसरंच होतं. प्रत्येक फोटोत माझ्या मागे बाबा होते.

पाचव्यात ते छत्री बाजूला करून, तोंड आभाळाकडे उघडून पाऊस पीत होते. अकराव्यात डोक्यावर रुमाल टाकून, एक डोळा मिटून, कमरेत वाकून माझी हुबेहूब नक्कल करत होते. एकोणिसाव्यात लाट आमच्या दोघांच्या अंगावर फुटली होती. मी वैतागलेली, आणि बाबा मान मागे टाकून असे हसत होते की दाढेतली चांदी दिसावी. आई गेल्यापासून मी ती दाढ पाहिली नव्हती. चौदावा तर मी भिंग लावून चार वेळा बघितला. बाबांच्या शेजारी एक कोळीण उभी होती, कंबरेवर हात ठेवून खदखदा हसत. आणि बाबांच्या हातात कागदावर एक तळलेला मासा होता. अर्धा खाल्लेला. आमच्या घरात दादाला डॉक्टरांनी अंडं सांगितलं तेव्हा ते गॅलरीत स्टोव्ह नेऊन उकडलं होतं, त्या घरातले माझे बाबा!

मी हसायला लागले. मामाही हसायला लागले. आणि मग त्यांचं बोट भिंगाखाली आलं. "हें काय गे? हें बाबांचे हातांत?"

उजव्या हातात मासा होता, छत्री काखेत. डाव्या हाताला माझ्या रेनकोटचा पट्टा होता. दोन वेढे मनगटाला मारून घट्ट धरलेला.

मी पुन्हा पहिल्यापासून बघितलं. जिथे जिथे मी खडकाच्या टोकाला उभी होते, तिथे तिथे पट्टा बाबांच्या हातात होता. पाऊस पिताना, नक्कल करताना, हसताना. एका फोटोतही सोडलेला नव्हता.

मग मात्र मला हसवेना. मामांनी खुर्ची पुढे सरकवली आणि ते उगाचच ट्रे धुवायला आत निघून गेले.

घरी आले तेव्हा बाबा बाल्कनीत. मी कागद त्यांच्या मांडीवर ठेवला आणि भिंग दिलं. ते एकेक फोटोवरून भिंग सरकवत गेले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "हे तर आपणच."

"चौदा नंबर बघा बाबा. हातात काय आहे?"

त्यांनी बघितलं. "वांग्याची भजी."

"वांग्याला शेपटी असते?"

बाबा चक्क लाजले. "त्या बाईने फार आग्रह केला. भाषा कळेना, नाही कसं म्हणणार?"

"मग चव कशी होती?"

"मीठ जरा जास्त होतं," म्हणाले. आणि आम्ही दोघं इतके हसलो की खालच्या सायकलवाल्याने वर मान करून बघितलं.

मग त्यांच्यातला मोजणीदार जागा झाला. पट्टी आणली, पेन्सिल आणली. माझी उंची माहीत, ट्रायपॉडची माहीत, छत्रीचा दांडा तर त्यांनीच मोजून दुरुस्त केलेला. तासभर आकडेमोड करून त्यांनी सांगितलं की तेविसावा सोडला तर फोटो काढणारा आमच्यापासून पंचावन्न ते साठ फुटांवर होता. आणि त्याचा डोळा पाण्याच्या वर साधारण माणसाच्या उंचीला. "पण वैजू, तिथे तर उभं राहायला जागा नाही. तिथे नुसत्या लाटा फुटत होत्या."

"आणि लेन्सवर थेंब नाही," मी म्हटलं. "एकाही फोटोत पावसाचा एक थेंब नाही." मी तीन दिवसांत किती वेळा लेन्स पुसली होती ते माझं मला माहीत.

शेवटी मी पट्ट्यावर बोट ठेवलं. "हे काय होतं बाबा?"

ते चष्मा पुसायला लागले. "मोजणीला साखळी टाकतात ना, तिचं एक टोक पुढच्या माणसाकडे असतं, दुसरं मागच्याकडे. पुढचा माणूस चालत राहतो, त्याचं लक्ष पुढे. मागच्याने टोक सोडायचं नसतं. तू पुढे चालली होतीस."

"मला सांगायचं तरी."

"सांगितलं असतं तर मागे वळली असतीस. पाय घसरला असता."

मी त्यांच्या खुर्चीशी खाली बसले आणि इतके महिने अडकून राहिलेलं एकदाचं विचारलं. "बाबा, तुम्हाला नाशिकला जायचंय का?"

"नाही."

"अहो मग सांगितलं का नाहीत!"

"तू राहा म्हणाली नाहीस. म्हटलं, पोरीला अडचण होत असेल." मग म्हणाले, "इथे तू घरी आलीस की फाटक वाजतं. ते ऐकायला बरं वाटतं."

म्हणजे मी त्यांच्या चपला बघत होते आणि ते माझं फाटक ऐकत होते... आणि दोघंही गप्प! मी "राहा ना बाबा" म्हटलं. तीनच शब्द. त्यांनी नुसती मान हलवली आणि पुन्हा भिंग डोळ्याला लावलं.

दुसऱ्या दिवशी दादा आला. आधी फोटोंवर विश्वास ठेवेना, मग माशावर ठेवेना. चार दिवस राहून, समुद्रकिनारे हिंडून एकटाच परत गेला. बाबांचं तिकीट रद्द केलं.

आता स्पष्टीकरणाचं. माझ्या कारखान्यातले मित्र म्हणाले, कुणीतरी टेलिलेन्सने होडीतून काढले असतील. त्या तीन दिवसांत समुद्रात एक होडी नव्हती, आणि असली तरी तिचे फोटो माझ्या रोलमध्ये कसे येतील? रोल बदलला म्हणावं तर ठिपका माझा, सुरुवातीचा काळा भाग माझा, आणि डबी माझ्या बॅगेबाहेर गेलीच नाही. सेतुमामांवर शंका घ्यावी, तर ते आयुष्यात मुट्टमला गेलेले नाहीत. पुढच्या जूनमध्ये मी बाबांना घेऊन पुन्हा तिथेच गेले, मुद्दाम फिल्मची जीभ न अडकवता छत्तीस वेळा बटण दाबलं. टेस्टिंगच म्हणा ना! मामांनी तोही रोल नेमाने धुतला. स्वच्छ, कोरा निघाला.

सेतुमामांना विचारलं तर म्हणतात, "तूं इतके दिवस त्याचे फोटो काढलेस. एक दिवस त्यानें तुझे काढले. त्यांत काय जालें?" मला हे पटत नाही. पण दुसरं काही सांगताही येत नाही.

छत्तिसाव्या फोटोबद्दल सांगायचं राहिलं. तोच तो, वहीत "बाबा वैतागले" लिहिलेला. त्यात बाबांच्या काखेतली छत्री उलटी होऊन आभाळाकडे बघतेय, मी टॉवेलखाली मान घालून ट्रायपॉडवर वाकलेय, आणि बाबा... बाबा अजिबात वैतागलेले नाहीत. बाकी पस्तीस फोटोंत ते कुठे कुठे बघतायत, पण या एकात सरळ कॅमेऱ्यात बघतायत. चेहरा खुललेला, आणि उजवा हात वर केलेला, ओळखीचं कुणी दिसल्यावर करतो तसा.

"इथे कुणाला हात केलात?" मी विचारलं होतं.

ते म्हणाले, "कुणाला नाही. समोरून कुणीतरी बघतंय असं वाटलं. मग हात करायला नको का?"



या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. बाबा अजून माझ्याकडेच आहेत. समोरच्या देवळातल्या गुरुजींशी मोडक्या तमिळमध्ये वाद घालतात, सांबारात गूळ टाकून खातात, आणि दर पावसाळ्यात माझ्याबरोबर येतात. फोटो काढण्याआधी मी आता एकदा मागे वळून बघते. मगच बटण दाबते. समुद्राच्या बाजूने काढलेला फोटो पुन्हा कधी आला नाही.

यंदा मी नवा रेनकोट घेतला, चांगला हुडवाला. परवा मुट्टमची बॅग भरायला काढला तर त्याला मागे काहीतरी लोंबत होतं. जुन्या खाकी रेनकोटचा पट्टा. बाबांनी कोपऱ्यावरच्या शिंप्याकडून दुहेरी टाके घालून शिवून आणला होता.